पासपोर्टची मुदत चारच महिने उरली आहे, सिंगापूरला जाता येईल का?

नाही. सिंगापूरला उतरण्याच्या तारखेपासून पासपोर्ट किमान ६ महिने वैध लागतो, मग परतीचं तिकीट चौथ्या दिवसाचं का असेना. मुदत कमी दिसली की इथेच चेक-इन काउंटरवर अडवतात, कारण तिथून परत पाठवलं तर प्रवाशाला माघारी आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते.

आधी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर री-इश्यूचा (जुन्याच्या जागी नव्या पासपोर्टचा) अर्ज भरा. ३६ पानी पुस्तिकेला १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २०००. क्रमांक नवा मिळतो, म्हणून व्हिसाचा अर्ज त्यानंतरच करा. तिकिटाच्या बुकिंगमध्ये जुना क्रमांक दिला असेल तर तोही बदलून घ्या.

शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, हिशेब वेगळा: तिथून निघण्याच्या तारखेपुढे ३ महिने मुदत आणि २ कोरी पानं. दुबईला पर्यटक म्हणून जायचं तर पासपोर्टवरचा आडनावाचा रकाना रिकामा नाही ना, हे नक्की बघा.