अमेरिकेत तुरुंग-रक्षकांविरुद्ध मारहाणीचा दावा केलेल्या कैद्याचे जुने गुन्हे ज्युरीसमोर येतात का?

येऊ शकतात, पण किती आणि कसे, हे न्यायाधीश बहुधा सुनावणीआधीच ठरवतात.

असे दावे सहसा 'कलम १९८३' खाली होतात, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने घटनात्मक हक्क मोडल्यास त्याच्यावर दावा करू देणाऱ्या संघीय कायद्याखाली. कैदी साक्षीला उभा राहिला की संघीय पुरावा नियम ६०९ लागू होतो: एक वर्षाहून जास्त शिक्षेला पात्र असलेला गुन्हा त्याच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवायला काढता येतो. मात्र नियम ४०३ ची चाळणी आहे. उपयोगापेक्षा पूर्वग्रहच फार वाढणार असेल, तर तो वगळता येतो. म्हणून कित्येकदा 'गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे' एवढंच सांगू देतात, गुन्ह्याचं नाव नाही. (घटनाच तुरुंगातली, त्यामुळे तो कैदी आहे हे लपणार तरी कसं!) खोट्या साक्षीसारख्या अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्याला नियम ४०३ ची ही सवलत नाही. शिक्षा किंवा सुटका, यांतलं जे नंतरचं, त्याला १० वर्षं उलटली असतील, तर अट आणखी कडक.

रक्षकांवरच्या जुन्या तक्रारींना नियम ४०४ आडवा येतो. 'आधी मारलं, म्हणून आताही मारलं असेल' हा युक्तिवाद चालत नाही. हेतू दाखवायला मात्र त्या आणता येतात, आणि खरी वकिली झुंज तिथेच होते.

सुनावणीआधीचे हे आदेश बऱ्याचदा तात्पुरते असतात. रक्षकच साक्षीत 'मी कधी कुणावर हात उचलला नाही' म्हणाला, तर न्यायाधीश निर्णय बदलू शकतात.