इंजिन बंद कर

बेटा,

परवा फुटाळा तलावाच्या काठावर तू जे बोललास, ते डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. समोरासमोर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितो.

तुझी रडगाणी दोन. एमपीएससी सोडून पुण्याची नोकरी धरावी की नाही, आणि ताडोब्याची फेरी वाया गेली, वाघ दिसला नाही. मला तर ही एकच गोष्ट वाटते. कोलारा गेटातून शिरल्यापासून तुमची जिप्सी या पाणवठ्यावरून त्या पाणवठ्यावर. कोणी ‘तिकडे आहे’ म्हटलं की तिकडे. गाइडनं गाडी बंद करायला लावली, तर तुम्हीच म्हणालात, “दादा, वेळ चाललाय.” अरे, वाघाची चाहूल लागली की जनावरं इशाऱ्याचा आवाज देतात, तो कॉल इंजिन सुरू असताना ऐकू येईल कसा? चितळ तर पाचोळा हलला तरी ओरडतं. सांबर मात्र ‘ढांक’ करून पुन्हा पुन्हा देत राहिलं, की गाइड मान वळवतो. शेंड्यावरचं लंगूर कुठं बघतंय, तेही बघतो.

1955 साली झालेलं राज्यातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेला म्हणतात, गोंडांनी त्याला देव मानलं, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. त्याच्यापाशीही तुमचं इंजिन घुरघुरतच होतं ना?

सव्वीस वर्षांचा असताना बुद्धपौर्णिमेच्या रात्रीच्या प्राणीगणनेला मी पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलो होतो. मे महिन्यात बाकीचं पाणी आटलेलं, त्यात पौर्णिमेचा उजेड, म्हणून तीच रात्र. पहिले काही तास नुसती चुळबुळ. मग चांदण्यात कुलूच्या झाडाचं पांढरं खोड दिसायला लागलं, ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल दिसली. मध्यरात्रीनंतर एक भेकर, म्हणजे लहानसं हरीण, आलं. सात पावलं पुढे, चार मागे. पाण्याला तोंड लावायचं, लगेच वर करायचं. पुढचा एक पाय अधांतरी धरलेला, आणि तो थरथरत होता. दोन घोट पाण्याला त्यानं अर्धा तास घेतला. वाघ? नाही आला.

हे डोळ्यांनी पाहूनही मी शहाणा झालो नाही, याचीच चीड आहे. पुढच्या सहा वर्षांत चार नोकऱ्या. नाशिक, पुणे, परत नागपूर. एकाही जागी गाडी बंद केली नाही. शेवटच्या नोकरीत एका चांगल्या साहेबानं काम शिकवायला घेतलं होतं, तीही आठ महिन्यांत सोडली. तो माणूस अजून आठवतो.

पाचवी मात्र धरली ती बावीस वर्षं. बदली नको म्हणून दोनदा बढती नाकारली. तुझी काकू म्हणते, “त्याला धीर नाही म्हणत, तुम्ही भ्यायलात.” असेल. थोडी भीती होतीच. पण त्या टेबलावर बसूनच मला काम ऐकू यायला लागलं. कोणती फाईल अडणार, हे कागद हातात घेताच कळायचं. ते काही भीतीनं येत नाही.

तेव्हा परीक्षा दे नाहीतर पुण्याला जा, मला घेणं नाही. एक काहीतरी धर आणि इंजिन बंद कर. दर तीन महिन्यांनी मित्राचं पॅकेज ऐकून किल्ली फिरवू नको. आणि ‘काका, तुमचा जमाना वेगळा होता’ हे मला ऐकवायचं नाही.

रविवारी पहाटे चारला दारात ये. पेंचच्या जंगलात जाऊ, सिल्लारी गेटानं. पोहे काकू बांधून देईल, फोन घरी ठेव. वाटेत वाघाचं नाव काढलंस तर मनसरलाच उतरवीन. तिथून नागपूरची बस मिळते.

तुझा,
काका