टोपलीतील मुशी आणि घरातील अबोला

वाचकाचे पत्र : मी डोंबिवलीला राहते आणि बारावी विज्ञान शाखेत शिकते. शार्क माशांचे मला लहानपणापासून वेड आहे आणि सागरी जीवशास्त्रज्ञच व्हायचे आहे. बाबा म्हणतात, छंद म्हणून ठीक आहे, पोटापाण्यासाठी इंजिनीअरिंग कर. मध्यंतरी बाजारात एका कोळीण मावशींच्या टोपलीत हातभर लांबीची शार्कची पिल्ले दिसली. मी त्यांच्याशी भांडले आणि मोबाइलवर चित्रीकरणही केले. आजी मोरीचे (म्हणजे शार्कचे) मटण करते तेव्हा मी ताटावरून उठते. आता घरात कोणी माझ्याशी धड बोलत नाही. माझे चुकले का?
– शार्कवेडी

प्रिय शार्कवेडी,

शार्कसाठी जीव तुटतो यात तुझे काहीही चुकलेले नाही. त्या मावशींशी वागण्यात मात्र चुकले, आणि ते सभ्यतेच्या दृष्टीने जितके चुकले तितकेच विज्ञानाच्या दृष्टीनेही चुकले. तू ज्यांना पिल्ले म्हणालीस ती बहुधा पिल्ले नव्हतीच. मुंबईच्या बाजारात सर्वांत जास्त येणारी मुशी (लहान शार्क) म्हणजे चपट्या, लांबट मुस्कटाची आणि बारीक डोळ्यांची ‘स्कोलिओडॉन’ ही लहान जात. ती फूट-सव्वा फुटाची झाली की वयात येते आणि अडीच फुटांपलीकडे क्वचितच वाढते. तिच्या अंड्याचा व्यास जेमतेम एक मिलिमीटर असतो, त्यामुळे त्यात पिलाला पुरेल इतका बलक नसतो, आणि मादी आपल्या पिलांना सस्तन प्राण्यांप्रमाणे वारेवाटे (प्लॅसेंटातून) पोसते. शार्कच्या कुळातील ही एक अत्यंत प्रगत प्रजननपद्धती आहे आणि ती पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियाला जावे लागत नाही.

अर्थात, टोपलीत हातोडी शार्कची किंवा काळ्या टोकाच्या परांच्या मोठ्या शार्कची खरीखुरी पिल्लेही असू शकतात, आणि तसे असेल तर तुझी काळजी रास्त ठरते. परंतु कोणती जात कोणती, हे न ओळखता आवाज चढवणे तुला शोभत नाही. ओळख अवघड नाही. पाठीवरचा दुसरा पर कुठून सुरू होतो, तो पोटाखालच्या गुदपराच्या पुढे आहे की मागे, हे पाहायचे. नराच्या श्रोणिपरांना (पोटाखालच्या जोडपरांना) जोडून दोन दांड्यांसारखे अवयव असतात. ते कडक झालेले असतील तर नर प्रौढ, मऊ असतील तर अजून कोवळा, एवढे तर पहिल्याच सकाळी शिकता येते.

संकट खरे आहे, याविषयी दुमत नाही. १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या समुद्रातील शार्क आणि पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात दिसून आले. बहुतेक मोठे शार्क उशिरा वयात येतात, त्यांचा गर्भकाळ लांबतो आणि पिल्ले थोडी होतात, त्यामुळे बांगड्या-तारल्यांच्या वेगाने ते भरून निघत नाहीत. परंतु आपल्या किनाऱ्यावर पुष्कळदा ते मुद्दाम पकडले जात नाहीत. दुसऱ्या माशांसाठी ओढलेल्या ट्रॉलच्या किंवा समुद्रात रोवलेल्या ‘डोल’ नावाच्या जाळ्यात ते सापडतात. ती मावशी पहाटे लिलावात जे मिळेल ते विकत घेते आणि दुपारपर्यंत विकून मोकळी होते. जाळ्याचा आस (भोकांचा आकार) किती असावा, हे तिच्या हातात नाही. तुझा राग सर्वांत जवळ सापडलेल्या आणि सर्वांत कमी अधिकार असलेल्या व्यक्तीवर निघाला, हे मला खटकले. ते चित्रीकरण कोणाला पाठवले असशील तर परत घे आणि पुसून टाक.

संवर्धन कोणाच्या बळावर होते, याचे उदाहरण गुजरातमध्येच आहे. १९९० च्या दशकात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अवाढव्य माशाची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले, पण किनाऱ्यावर मन वळले ते त्यानंतर, जेव्हा रामकथाकार मोरारी बापूंनी कोळी बांधवांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. त्याच मच्छीमारांनी पुढे स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. महाराष्ट्रातही संरक्षित सागरी प्राणी सोडताना जाळे फाटले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची शासकीय योजना आहे. ज्यांच्या हातात जाळे आहे त्यांना शत्रू ठरवून समुद्र वाचवता येत नाही. तुझे पुढचे सगळे संशोधन त्यांच्याच भरवशावर चालणार आहे.

म्हणून त्या मावशींकडे पुन्हा जा, माफी माग, आणि मुशी कोणत्या महिन्यात जास्त येते ते विचार. मग एखाद्या रविवारी पहाटेच्या लोकलने मुंबईचे मासळी बंदर ससून डॉक गाठ. वही, मोजपट्टी आणि पायांत रबरी बूट एवढे पुरे. विचारल्याशिवाय माशाला हात लावायचा नाही आणि लिलाव चालू असताना वाटेत उभे राहायचे नाही. बाबांना सोबत घेऊन जा. मुलगी पडद्यावरचे शार्क पाहते, एवढेच त्यांना ठाऊक आहे; बर्फाच्या चिखलात उभी राहून ती मोजमापे लिहिते, हे त्यांनी पाहिलेले नाही.

बाबांची चिंता मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. निव्वळ शार्कवर संशोधन करण्याच्या नोकऱ्या आपल्याकडे फार थोड्या आहेत आणि त्यासाठी पीएचडीपर्यंतची बरीच वर्षे लागतात. मधला मार्ग मला रत्नागिरीच्या शिरगावातील मत्स्य महाविद्यालयाचा वाटतो. तेथील चार वर्षांच्या मत्स्यविज्ञान पदवीनंतर मत्स्यव्यवसाय विभाग, मत्स्यशेती, बँका अशा वाटा खुल्या राहतात, आणि ओढ टिकली तर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत पुढचे शिक्षण घेता येते. बीएस्सी करून पुढे गोवा विद्यापीठात किंवा तामिळनाडूतील परंगीपेट्टईच्या सागरी जीवशास्त्र केंद्रात जाणे ही दुसरी वाट. तिच्यात समुद्र जास्त, खात्री कमी. कोणतीही निवडलीस तरी गणिताचा कंटाळा करू नकोस, कारण माशांची संख्या मोजणे हे शेवटी संख्याशास्त्राचेच काम आहे. लिंबू शार्कना शिकवता येते हे दाखवून देणाऱ्या अमेरिकी सागरी जीवशास्त्रज्ञ युजीनी क्लार्क नव्वदी ओलांडल्यावरही समुद्रात उतरत होत्या. तेव्हा घाई करण्याचे कारण नाही.

राहता राहिली आजी. तुला मोरी खायची नसेल तर खाऊ नकोस, भाजीभाकरी घे, पण पंगतीतून उठू नकोस. बाळंतिणीला मोरी खाऊ घालणाऱ्या पिढीशी वाद घालायचाच असेल, तर मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो आणि म्हणून गर्भवती व स्तनदा मातांनी ते टाळावे असा सल्ला दिला जातो, हे शांतपणे सांग. दयेच्या भाषणापेक्षा ते तिला लवकर पटेल. त्याआधी तिच्याकडून एक काम करून घे. तिच्या लहानपणी गावच्या किनाऱ्यावर केवढी मोरी येई, कोणत्या जाळ्यात, कोणत्या दिवसांत, आणि कोणती जात नंतर दिसेनाशी झाली, हे तिला विचार. नोंदी नसलेल्या काळातील समुद्र समजून घेण्यासाठी संशोधक म्हाताऱ्या माणसांच्या अशाच आठवणी गोळा करतात. तिने सांगितलेली नावे मालवणीतच लिहून ठेव, इंग्रजी नावे नंतर शोधता येतील.

– तुझी ताई