पोराच्या नावाची पॉलिसी, बापाचा विमा शून्य

दारव्हा तालुक्यातून एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय. वय 34, पतसंस्थेत लिपिक, पगार 22 हजार, शिवाय चार एकर कोरडवाहू. मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम आहे, अजून बोलत नाही. आठवड्यातून दोनदा आई त्याला एसटीनं यवतमाळला नेते. सव्वा वर्षात स्पीच थेरपीच्या चार मॅडम बदलल्या. नवी आली की पुन्हा पहिल्यापासून असेसमेंट, त्याचे पैसे वेगळे. पाऊण तासाचं सत्र अर्ध्या तासात आटोपतं. आईचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं लिहिलंय: "दार लावून घेते, अन् आत काय करते ते मले काई समजत नाई. इचारलं तं म्हणते, घरी प्रॅक्टिस करा. कायची करू?" आता त्याच सेंटरनं वर्षाचं 1 लाख 80 हजारांचं पॅकेज सांगितलंय. पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत, आणि 'सहा महिन्यांत बोलेल' ही तोंडी गॅरंटी. प्रश्न असा: सोनं गहाण ठेवू, की एक एकर विकू?

भाऊ, दोन्ही नको. पॅकेजात वर्षाची 144 सत्रं आहेत. सुट्या सत्राला तुम्ही आज 600 देता, म्हणजे झाले 86 हजार. वरचे 94 हजार कशाचे? पॅकेजातल्या 'ब्रेन मॅपिंग' नावाच्या तपासणीचे आणि गॅरंटीचे. मूल अमुक महिन्यांत बोलेल असं कोणताही प्रामाणिक थेरपिस्ट सांगत नाही. ही भाषा माझ्या, पैशांच्या सल्ल्याच्या धंद्यातली आहे, पैसे दुप्पट करून देणाऱ्यांची. वर सोन्यावरचं व्याज 12 टक्के धरलं तर महिन्याला अठराशे नुसते व्याजाचे.

तुमचा राग रास्त आहे. पण ज्याच्यावर राग आहे, त्यालाच तुम्ही 1 लाख 80 हजार एकदम द्यायला निघालात. पैसे महिन्याचे महिन्याला द्या. मॅडमचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. स्पीच थेरपिस्टला तो लागतोच. आणि शेवटची दहा मिनिटं आई आत बसेल, घरी काय करायचं ते तिच्यासमोर करून दाखवायचं, हे आधीच ठरवून घ्या. नाही म्हणाले तर दुसरं दार बघा.

पॅकेजचा विषय माझ्यापुरता संपला. मी अडकलो तुमच्या चौथ्या पानावर. "विम्याचे 42 हजार भरले की हातात काही उरत नाही. पण ती पॉलिसी आमच्यानंतर त्याची सोय म्हणून आहे." सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो. फोटो मोठा करून पाहिला. विमाधारक: तुमचा मुलगा. प्रीमियम माफीचा रायडर (बाप गेला तर पुढचे हप्ते माफ करणारी जोडसोय): नाही.

म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ही पॉलिसी एक पैसा देणार नाही. उलट 42 हजारांचा पुढचा हप्ता तुमच्या बायकोला भरावा लागेल. ज्याच्या कमाईवर घर चालतं त्याचा विमा शून्य, आणि जो एक रुपया कमवत नाही त्याचा सात लाखांचा! एजंटनं 'टॅक्स वाचेल' असंही सांगितलं म्हणे. तुमच्या पगारावर टॅक्स लागतच नाही, तर वाचणार काय, कपाळ?

परतावाही बघा. वीस वर्षांत भरणार 8 लाख 40 हजार, मिळणार अंदाजे 14 लाख. हा दर पाच टक्क्यांच्याही आत आहे. महागाई सहा टक्के धरली तर ते 14 लाख आजच्या साधारण 4 लाख 37 हजारांएवढे. शिवाय ते येतील मुलाच्या नावावर. तो अठराचा झाला की त्याच्या सहीशिवाय बँक हलणार नाही, आणि सही जमली नाही तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागेल. ते तसंही घ्या, पण पैसा त्याच्या नावावर अडकवून ठेवू नका. यापुढची बचत तुमच्या किंवा बायकोच्या नावावर.

तीन हप्ते गेलेत. चौथा भरू नका. पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर तशीच ठेवा. भरलेलं थोडंफार शेवटी मिळेल. एजंट घरी येईल, चहा पिऊन 'नुकसान होईल' म्हणेल. नुकसान त्याच्या कमिशनचं आहे.

त्याऐवजी स्वतःचा साठ वर्षांपर्यंतचा 50 लाखांचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा. वर्षाला आठ-दहा हजार. खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असाल तर बारा-पंधरा, आणि अर्जात खर्रा लिहाच. एजंट म्हणेल, "कोण विचारते?" दावा आला की कंपनी विचारते. सोबत बँकेत 436 रुपयांचा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, दोन लाखांचा. 42 हजारांतले 31-33 हजार दरवर्षी सुटतील, खर्रा असेल तर 26-29 हजार. आधी पोस्टात आरडी करून एक लाख होऊ द्या. बोंडअळीनं कापूस गेला त्या वर्षी सावकाराकडे जायची वेळ येऊ नये म्हणून.

थेरपीचा खर्चही उतरेल. राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा ऑटिझमला लागू आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही बसते, मर्यादा ठरलेल्या आहेत, फी काही शेकड्यांत. सरकारी शीघ्र निदान केंद्रात अठरा वर्षांपर्यंत तपासणी फुकट असते. आणि शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात विचारा, विशेष शिक्षक आपल्या गावाला कोणत्या वारी येतो. यातलं बरंच दिव्यांग प्रमाणपत्राशिवाय अडतं, आणि पाच वर्षांत तुम्ही ते काढलेलंच नाही. आधी ते.

फक्त त्या सेंटरचा असेसमेंट अहवाल प्रमाणपत्राच्या वैद्यकीय बोर्डापुढे नेऊ नका. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की "ती दोन शब्दांची वाक्यं बोलते आणि बाहुलीशी खेळते." तो दुसऱ्याच कोणाच्या लेकीचा मजकूर आहे. त्या अहवालाचे तुम्ही 2,500 दिलेत. परत जा, दुरुस्त करून सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि त्याचे पैसे देऊ नका.