जुना सीपीयू कबाड्याला देण्याआधी

तुम्ही लिहिलंय, नागपूरच्या महाल भागातल्या बाबांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानासाठी नवं मशीन जोडून झालं. आता जुनी विंडोज १०ची एसएसडी (म्हणजे वेगवान, चिपची डिस्क) आणि १ टीबीची हार्ड डिस्क त्यातच लावून काम सुरू करायचं की सगळं नव्यानं टाकायचं, हा प्रश्न आहे. आणि शेवटी सहज म्हटलंय की जुना सीपीयू उद्या कबाड्याला देतोय. भाऊ, तो उद्या देऊ नका. महिनाभर कोपऱ्यात ठेवा. बारा वर्षांच्या पत्रिका त्या डिस्कवर आहेत, आणि काही कामं अशी आहेत जी फक्त त्या जुन्या मशीनवरच नीट होतात.

विंडोज नव्यानंच टाका, नव्या मशीनमधल्या एनव्हीएमईवर, म्हणजे बोर्डावर थेट बसणाऱ्या नव्या एसएसडीवर. जुनी एसएसडी लावली तर बरेचदा विंडोज उठते, हे खरं. पण तुमची डिस्क त्या काळातली आहे, एमबीआर, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या जुन्या पद्धतीची असण्याची शक्यता जास्त. नवे मदरबोर्ड यूईएफआयवर (बायोसच्या नव्या अवतारावर) चालतात, त्यांना जीपीटी ही नवी पद्धत लागते. ती रूपांतरित करता येते, पण ज्या डिस्कची दुसरी कॉपी नाही तिच्यावर असले प्रयोग मी करत नाही. शिवाय विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्या मशीनवर गिऱ्हाईकांचे पेनड्राइव्ह दिवसभर लागतात, तिथे ती चालवत राहणं मला पटत नाही.

आता डिस्क काढण्याआधी जुनं मशीन एकदा चालू करा. हिशेबाचं टॅली असेल तर लायसन्स तिथूनच सरेंडर करा आणि डेटा फोल्डर कुठे आहे ते लिहून ठेवा. पत्रिका डिझाइन करायचं कोरलड्रॉ लायसन्सचं असेल तर त्यातून साइन आउट करा. क्रोमचे पासवर्ड एक्सपोर्ट करून घ्या, कारण क्रोमचा फोल्डर नुसता उचलून नेला तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. ते त्या विंडोजच्या युजरशी कुलूपबंद असतात. एक्सपोर्टची फाइल काम झालं की पुसा, त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं. ड्राइव्हवर बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क-लॉकचं कुलूप दिसतंय का तेही बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आत्ताच कागदावर उतरवा. नव्या बोर्डावर ती मागितली जाईल, आणि की नसेल तर आतलं काहीच मिळणार नाही.

विंडोज ११ टाकताना जुन्या दोन्ही डिस्कच्या केबल काढून ठेवा. हे कळकळीनं सांगतोय. माझ्या मावसभावाच्या क्लासमध्ये सगळ्या डिस्क लावूनच विंडोज टाकली होती. विंडोज गेली नव्या एसएसडीवर, पण बूटचं छोटं पार्टिशन गपचूप जुन्या हार्ड डिस्कवर बसलं. दोन वर्षांनी ऐन मे महिन्यात ती हार्ड डिस्क गेली आणि धडधाकट एसएसडी असूनही मशीन उठेना. दुरुस्त झालं, पण परीक्षेच्या तोंडावर दोन दिवस गेले.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर व्हीएमडी ही डिस्क सांभाळणारी सोय चालू असते, आणि तिच्या ड्रायव्हरशिवाय डिस्क दिसत नाही. बोर्ड कंपनीच्या साइटवरून स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तिथे लोड करा. लॅन-वायफायचे ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर आधीच ठेवा, नाहीतर नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट. लायसन्सचं थोडक्यात: वेगळी विकत घेतलेली रिटेल की असेल तर नव्या मशीनवर नेता येते, जुन्या मशीनसोबत आलेली ओईएम की तिथेच राहते.

विंडोज नीट चालू झाली की मशीन बंद करून हार्ड डिस्क आणि जुनी एसएसडी लावा. 'इनिशियलाइज डिस्क' किंवा 'फॉरमॅट करायचं का' अशी खिडकी आली तर रद्द करा, काहीही विचारलं तरी. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये तब्येत बघा. पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे दिसत असतील तर बाकी सगळं सोडून कॉपी करा, बाहेरच्या डिस्कवर. नुसते सीआरसी एरर, म्हणजे डेटा ने-आण करतानाच्या चुका वाढत असतील तर बहुधा साटा केबल खराब आहे. सीताबर्डीच्या बाजारातून नवी आणा. यूपीएसशिवाय ही कॉपी सुरू करू नका, आणि कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. जुन्या एसएसडीवरचा युजर फोल्डर परवानगी मागेल, 'कंटिन्यू' दाबा. तरी उघडला नाही तर सिक्युरिटीत जाऊन ओनर बदला. प्रोग्राम फाइल्स मात्र कॉपी करत बसू नका, सॉफ्टवेअर तसं चालत नाही.

आता फॉन्ट. तुमच्या धंद्याचा जीव इथे आहे, आणि लोक हेच विसरतात. जुने मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचे नसतात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे फॉन्ट नसेल तर 'चि.सौ.कां.' ऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. विंडोजचा मंगल फॉन्ट लावून तो सुटत नाही. कोरलच्या फाइलमध्ये साधारणपणे फॉन्टचं नाव असतं, फॉन्ट नसतो. फाइल उघडताना पॅनोसची (बदली फॉन्ट निवडायची) खिडकी दुसरा फॉन्ट सुचवते. तिथे ओके म्हणून फाइल सेव्ह केली की मूळ फॉन्ट कोणता होता हेच हरवतं. ती खिडकी आली की नाव लिहून घ्या, फाइल सेव्ह न करता बंद करा.

फॉन्ट दोन ठिकाणी शोधा. एक विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर. दुसरा युजरच्या ॲपडेटामध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असा आत लपलेला; डबलक्लिक करून टाकलेले फॉन्ट अनेकदा तिथे जातात. फक्त मराठी फॉन्ट उचला, सगळा फोल्डर नाही. नव्या मशीनवर राइट क्लिक करून 'सर्व युजरसाठी इन्स्टॉल' निवडा, नाहीतर पेजमेकरसारख्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरांना ते कधी कधी दिसत नाहीत. पेजमेकर ७ २००१ सालचं आहे. विंडोज ११वर ते कुरकुरतं, म्हणून जुन्या फाइलींची पीडीएफ जुन्या मशीनवरच काढून ठेवलेली बरी.

डोंगलवर, म्हणजे लायसन्ससाठी लावायच्या छोट्या यूएसबी चावीवर चालणारं मराठी सॉफ्टवेअर असेल तर ड्रायव्हर हा खरा अडसर. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, आणि त्यातली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करून मोकळं होऊ नका. सॉफ्टवेअरवाल्यांकडून नवा ड्रायव्हर मागा, आणि तो येईपर्यंत जुन्या डिस्क परत जुन्या मशीनमध्ये लावून त्या पत्रिका तिथे काढा. म्हणूनच म्हटलं, कबाड्याला थांबायला सांगा.

दहा वर्षांपूर्वीची एखादी पत्रिका नव्या मशीनवर उघडून, प्रिंट काढून जुन्या छापील प्रतीशी ताडून बघा. रफार आणि जोडाक्षरं आधी तपासा. बाबांना दाखवा, त्यांची नजर तयार आहे.