दोघंही टांझानियात शिक्षक आहोत, पोहता येत नाही. जूनच्या सुट्टीत झांझिबारच्या समुद्रावर काही धाडस करावं का? खर्च किती येईल?

जा. यात विचारण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की दोघंही मूळचे विदर्भातले आणि घरचे म्हणतात, "पोहता येत नाही तर समुद्रात कायले जाता?" हेच वाक्य मी आमच्या मोठ्या भाऊजींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, सासर लाखांदूरकडचं. दोन्हीकडे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव. मी ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, पोरींसोबत शिंगाडे काढता काढता पोहायला शिकले. आमच्या यांना येत नाही, कारण सासूबाईंनी लहानपणी तलावाच्या बांधापलीकडे पायच टाकू दिला नाही. लग्नानंतर आम्ही दार-ए-सलामच्या एका शाळेत लागलो. हे गणित शिकवायचे, मी विज्ञान. एका वर्षी जूनच्या सुट्टीत तिकिटं इतकी महाग होती की गावी न येता झांझिबार गाठायचं ठरवलं. इकडे गावी धानाचे पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपं करायचे दिवस. भाऊजींनी फोनवर आधी शेतीचं काढलं, मग बोअरच्या पैशांचं, आणि शेवटी 2011 आणि 2012 साली तिकडे बोटी बुडाल्याच्या बातम्या पाठवल्या.

बातम्या खोट्या नव्हत्या. 2012 ची बोट तर दार-ए-सलामहून झांझिबारलाच निघाली होती. पण आपल्याकडे काय वेगळं आहे? जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या बाया बुडाल्या. त्या काही सहलीला निघाल्या नव्हत्या. त्यांच्या अंगावर लाईफ जॅकेट का नव्हतं, हे कोणत्या भाऊजीने कोणाला विचारलं? रोज मजुरीसाठी नावेत बसणारी बाई दिसत नाही, पण सून सुट्टीला निघाली की सगळ्यांना पाण्याची भीती आठवते.

असो. मोठ्या फेरीबोटीने गेलो, जास्त माणसं भरलेली दिसली तर पुढची पकडायची हे ठरवूनच. उतरलो ते पूर्व किनाऱ्यावर, जांबियानीला. उत्तरेकडे नुंगवीला ओहोटीतही पोहण्यापुरतं पाणी असतं, त्यामुळे बहुतेक लोक तिकडे जातात. पूर्वेला मात्र ओहोटीत पाणी प्रवाळाच्या कड्यापर्यंत मागे हटतं, किलोमीटरभर तरी. मागे उरते पांढरी वाळू आणि तिच्यात काड्या ठोकून, दोऱ्या बांधून केलेली समुद्रशेवाळाची शेती. ती बहुतेक बायाच करतात, गुडघाभर पाण्यात वाकून, अगदी आपल्याकडच्या धानाच्या रोवणीसारखी. मी एकीच्या शेजारी उभी राहून दोरीला शेवाळ बांधून पाहिलं. तिने ते सोडून परत बांधलं.

तिथे उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीत चारएक मीटरचा फरक पडतो. आम्ही पोचलो पौर्णिमेला. मला लगेच कड्याबाहेर शिडाच्या होडीतून जायचं होतं, पण नावाडी म्हाताऱ्याने सरळ नाही म्हटलं. उधाणात कड्याच्या खिंडीतून पाणी फार जोरात आत-बाहेर करतं. त्याने चंद्राकडे बोट दाखवून बोटांवर दिवस मोजले. मी पिशवीतून कॅलेंडर काढलं. तो जो दिवस सांगत होता तो आपल्या सप्तमी-अष्टमीचा, म्हणजे भांगाचा निघाला, भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तो. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित मात्र तिथे लावू नका. तिथे पौर्णिमेची भरती दुपारी चारच्या आसपास येते. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे सगळीकडे सारखंच.

सप्तमीला सकाळी भरती होती. होडी म्हणजे आंब्याच्या खोडातून कोरलेली, दोन्ही बाजूंना लाकडी हात बांधलेली, त्याला न्गालावा म्हणतात. जूनमध्ये तिकडे कुसी वारा असतो, आग्नेयेकडून, चांगलाच तडाखेबंद. खिंड ओलांडली आणि पहिली लाट आली तसा एका बाजूचा हात पाण्यातून वर उचलला गेला. म्हातारा ओरडला, मला खुणेने त्या वरच्या हातावर जाऊन बसायला सांगितलं, वजन द्यायला. मी बसले. खाली निळंकाळं पाणी. आमचे हे आत, जॅकेट घातलेलं, अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याने पाणी उपसताहेत आणि मोठमोठ्याने मारुती स्तोत्र. चष्मा कधी गेला कळलं नाही. परत कड्याच्या आत शांत पाण्यात आलो तेव्हा हे स्वतःहून जॅकेटसकट पाण्यात उतरले आणि पाठीवर तरंगत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर यायलाच तयार नव्हते.

तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. जाऊबाईंनी विचारलं, "काय घालून उतरलीस वं?" नायलॉनचा पंजाबी ड्रेस. तिथल्या बायाही अंगभर कपड्यांतच पाण्यात उतरतात, गावात खांदे-गुडघे झाकलेलेच बरे. भाऊजींनी लिहिलं, "पैसा पाण्यात."

माझं मत ऐका. पोहता येणं आणि समुद्रात सुरक्षित राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थानिक माणूस नाही म्हणाला की नाही, एवढं पाळलं तर न पोहणाराही जाऊन येतो. पट्टीचा पोहणारा असून उधाणात खिंडीजवळ उतरला तर तो गेला. तलावात पोहण्याची ऐट मी समुद्रात दाखवायला गेले नाही, कड्याबाहेर असताना पाण्यात पायही घातला नाही.

आता राहिलेलं. जॅकेट दिवसभर अंगावर, बक्कल लावूनच. ओहोटीत चालताना रबरी बूट घाला, वाळूत काळे काटेरी समुद्री जीव (सी अर्चिन) असतात. ऑक्टोबर 2024 पासून झांझिबारमध्ये परदेशी पाहुण्यांना 44 डॉलरचा विमा सक्तीचा आहे. तुमच्याकडे टांझानियाचा रहिवासी परवाना असेल तर तो लागतो का, हे निघण्याआधी विचारा. फेरीचं तिकीटही परवाना दाखवून स्वस्त मिळतं. हृदयाचा किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर मात्र होडीत बसू नका, किनाऱ्यावरच थांबा. हे आधी लिहायला हवं होतं खरं.

एकूण खर्चाचा आकडा देत नाही, आमचा काळ वेगळा होता. गावातल्या घरात खोली घेतली, डालाडालाने, म्हणजे तिथल्या छोट्या प्रवासी बसने फिरलं, तर हॉटेलवाल्यांपेक्षा बराच कमी लागतो.

आणि घरचे पैशाचं काढतीलच. आधी घरचं देणं देऊन टाका, मग उत्तर द्यायला तोंड राहतं. आमच्या बोअरचे पैसे निघण्याच्या आधीच पाठवले होते, भाऊजी. पावती जाऊबाईंच्या कपाटात आहे.