ग्रिडवरचे सहकारी कधी टिकतात, कधी संपतात?

प्रश्न थोडक्यात असा: प्रिझनर्स डिलेमा (दोघांनी साथ दिली तर दोघांचं भलं, पण एकट्याला दगा देण्यातच फायदा, असा खेळ) चौकटींच्या ग्रिडवर, प्रत्येकाला शेजाऱ्यांशीच खेळवून, कॉम्प्युटरवर चालवला तर साथ देणारे, म्हणजे सहकारी, टिकले, मित्राने तोच कोड जरा बदलून चालवला तर सगळे साफ. मग जाळ्यामुळे, म्हणजे कोण कोणाचा शेजारी या रचनेमुळे, सहकार वाढतो की नाही?

जाळ्याचं नंतर बघू. खेळाडू चाल कशी बदलतात ते आधी सांगा. मित्राने बहुतेक तिथेच हात घातलाय.

नोवाक आणि मे या संशोधकांचं १९९२ चं मॉडेल घ्या. शेजारी आठ (स्वतःशी खेळणं सध्या सोडा). सहकाऱ्याला सहकारी भेटला की दोघांना १ गुण, दगाबाजाला सहकारी भेटला की त्याला ब गुण, बाकी शून्य. मग आपल्यासकट आसपास ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याची चाल उचलायची. आता कागदावर दोन गटांमध्ये सरळ सीमा आखा. सीमेवरच्या सहकाऱ्याला ५ गुण, समोरच्या दगाबाजाला ३ब. ब १.९ असेल तर ५.७, म्हणजे दगाबाज वरचढ. पण त्या सहकाऱ्याच्या पाठीशी ८ गुणवाला सहकारी उभा आहे, म्हणून तो हलत नाही. ब ५/३ पेक्षा खाली आणा, सीमेवरचे दगाबाजच पालटतील. सगळी गंमत त्या मागच्या रांगेत आहे.

पुढच्याच वर्षी हुबरमन आणि ग्लान्स यांनी सगळ्यांना एकदम चाल बदलायला न लावता एकेकाला बदलू दिली, आणि सहकारी संपले. त्यावर नोवाक यांच्या गटाचं म्हणणं असं की ब कमी असेल तर तशातही टिकतात.

ओत्सुकी आणि इतर संशोधकांचा २००६ चा नियम सोपा आहे: साथ दिल्याने शेजाऱ्याला होणारा लाभ भागिले आपला खर्च हे सरासरी शेजाऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त हवं. शेजारी चार असतील तर एका रुपयाच्या खर्चामागे चारहून जास्त रुपयांचा लाभ. पण हे मोठ्या जाळ्यात, निवडीचा जोर कमी असताना (म्हणजे गुणांमुळे कोण टिकतो यात थोडाच फरक पडत असताना), आणि आधी कोणीतरी मरून त्या जागेसाठी शेजारी झगडत असतील तरच. आधी जन्म, मग मृत्यू असा क्रम केलात की त्याच जाळ्यात सहकाराला काहीच फायदा उरत नाही.

माणसांचं आणखी वेगळं. २०१२ साली छापून आलेल्या स्पेनमधल्या एका प्रयोगात १,२२९ विद्यार्थ्यांना एकाच वेळी खेळवलं, काहींना ग्रिडवर, काहींना कमीजास्त शेजारी असलेल्या जाळ्यावर. सहकार जवळपास सारखाच निघाला, कारण शेजाऱ्याने किती कमावलं याकडे पोरं फारसं बघतच नव्हती. मागच्या फेरीत किती जणांनी साथ दिली आणि आपण स्वतः काय खेळलो, यावर चाल ठरत होती. उलट नको असलेला शेजारी तोडायची मुभा वारंवार दिली की सहकार टिकतो, असं रँड वगैरेंच्या २०११ च्या प्रयोगात दिसलं.

तुमचा आणि मित्राचा, दोन्ही अपडेट लूप (कोडचा चाल बदलणारा भाग) इथे टाका. ब किती घेतलाय तेही लिहा.